कलावंताचे दान आणि आपले देणे



‘कलावंताचे दान’ हा विषय माझ्या नावापुढे छापलेला पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य बिडी कामगारांच्या मजुरीचा हिशेब मांडण्यात गेले, त्याने दानावर काय बोलावे? एखादा विद्वान असता तर त्याने कर्णापासून नाही तर बळीराजापासून आरंभ केला असता. माझा अभ्यास शाळेतला नव्हे. वाचनालयात आणि एस्टीच्या बाकावर जे वाचून झाले तेवढाच. तेव्हा मी माझ्या ओळखीच्या जागेवरूनच निघतो, म्हणजे बिडीच्या सुपापासून.

आपल्या भंडारा जिल्ह्यात बिडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. बाई दिवसभर पाने कापते, भरते, बांधते, आणि हजाराचा माल घेऊन कारखान्यात जाते. तेथे मुनीम जुड्या उलटसुलट करतो आणि त्यांतल्या काही बिड्या बाजूला टाकतो. ही छाट. या बिड्या वाईट, म्हणून त्यांची मजुरी नाही. बरे, वाईट आहेत तर बाईला परत द्या! तर तेही नाही. त्या मालकाकडेच राहतात. वर्षानुवर्षे हे असे चालले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात छाटीच्या तंट्याची दाद मागण्याची सोय झाली, ती लोक भांडले म्हणून झाली. आता मला सांगा, त्या बाईने मालकाला बिड्या दान केल्या असे कोणी म्हणेल काय? माल तिने दिला हे खरे, मोबदला घेतला नाही हेही खरे, तरी ते दान नव्हे. कारण द्यावे की न द्यावे हे तिने ठरवलेले नव्हते.

कलावंताच्या बाबतीत हा फरक आपण फार सहज विसरतो. शाहिराने, कीर्तनकाराने, चित्रकाराने आपली कला उदार मनाने लोकांना द्यावी ही गोष्ट थोर आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायला मी उभा नाही. पण औदार्य देणाऱ्याचे असते. घेणाऱ्याने ‘तू उदार हो’ असे म्हणून हात पुढे केला, की त्याची छाट होते.

खरे दान कसे असते त्याचा एक नामांकित दाखला घेऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक, आणि एका रात्रीसाठी एकाच रंगभूमीवर. गंधर्व नाटक मंडळीवर त्या काळात कर्जाचा बोजा होता. केशवराव तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले. देण्याजोगी स्थिती दोघांचीही होती असे नाही, तरी दिले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या, त्या रात्रीचे नाटक फुकट नव्हते. तिकिटे भारी दराने विकली गेली. प्रेक्षकाने पुरते मोल मोजले आणि ते मोल कोठे जावे हे कलावंतांनी ठरवले. पु. ल. देशपांडे यांनी पुढे तेच केले. खेळाला तिकीट लावले आणि आलेला पैसा प्रतिष्ठानाच्या मार्फत समाजाच्या कामाला दिला. ‘माझी कला स्वस्त समजू नका’ असे म्हणून मग ओंजळ रिकामी करणे, ही फार स्वाभिमानी रीत आहे.

दुसरी रीत वारकऱ्यांची. कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत. एवढेच नव्हे, जेथे कीर्तन केले तेथे जेवायचेही नाही, असा दंडक तुकोबांनी घालून दिला. आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी तो आयुष्यभर पाळला. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आज गावोगावची मंडळे गातात, त्यांतही कोणी बिदागी मागत नाही. पण या संतांनीसुद्धा एक वस्तू दिली नाही. कोणती? नाव. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ येतो. गाणे घेऊन जा, कोठेही गा, पण ते कोणाचे हे गाण्याच्या पोटातच शिवलेले आहे. नाव काढायला जाल तर चरण मोडेल! मला हे फार शहाणपणाचे वाटते. तुकोबांच्या अभंगांची गाथा मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने १८६९ सालापासून छापली गेली. म्हणजे तुकोबा गेल्यावर दोनशेहून अधिक वर्षांनी. तोवर ते अभंग वह्यांतून आणि लोकांच्या तोंडून चालत आले. नाव शिवलेले नसते तर संपादकांनी तुकोबांचे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे निवडायला तरी सुरुवात कोठून केली असती?

नाव शिवलेले नसले की काय होते, त्याची गोष्ट आमच्या कामगार चळवळीतलीच आहे, आणि ती आम्हीच कमी सांगतो. जगभरच्या लाल झेंड्याखाली ‘इंटरनॅशनल’ हे गीत गायले जाते. त्याचे शब्द १८७१ साली पॅरिसच्या युजेन पोतिए या कवीने लिहिले. तो १८८७ त वारला. पुढल्या वर्षी, १८८८ साली, लील शहरातल्या पिएर देगेतेर नावाच्या एका कारखान्यातल्या कामगाराने कामगारांच्या गायनमंडळासाठी त्याला चाल लावली. नोकरी जाऊ नये म्हणून छापील कागदावर नुसते ‘देगेतेर’ आडनाव घातले. नोकरी गेलीच. पण त्याहून वाईट पुढेच आहे. नुसते आडनाव छापल्यामुळे त्याच्या सख्ख्या भावाने, आदोल्फने, चाल माझी म्हणून दावा सांगितला. खटला चालला, आणि १९१४ साली पिएर हरला. साऱ्या दुनियेतले कामगार ज्याची चाल गात होते तो म्हातारा कोर्टाच्या दप्तरी खोटा ठरला. अखेर भावाने मरण्यापूर्वी लिहून ठेवलेली कबुली पुढे आली आणि १९२२ साली निकाल फिरला. पिएरने त्या चालीचे पैसे मागितले असते तरी मी त्याला दोष दिला नसता. पण आठ वर्षे तो हरलेला राहिला तो नावासाठी.

आता आपल्याकडे या. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावात, शेतकऱ्यांच्या परिषदांत, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत या लोकांनी डफ वाजवून महाराष्ट्र जागा केला. सभेला माणूस जमवायचा शाहिराने आणि भाषण करायचे पुढाऱ्याने, असा तो मामला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख गेले. अण्णाभाऊ कोणत्या दारिद्र्यात गेले हे मी सांगत बसत नाही, तुम्हांला ठाऊक आहे. २००२ साली त्यांच्या चित्राचे चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले.

आणि वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा. लहानपणी अक्षरओळख नाही. मुंबईला कामाला आल्यावर मोठेपणी लिहायला-वाचायला शिकला. माझ्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला त्यांच्याविषयी वेगळीच जवळीक वाटते, ती लपवीत नाही. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, आणि मग हजारो रचली. बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांतल्या वस्तीवस्तीत नेला तो या गाण्यांनी. पुस्तक? पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला १९७३ साली. मध्ये तीस वर्षे गेली! ती तीस वर्षे गाणी कोठे होती? गायकांच्या वह्यांत होती, बायांच्या तोंडी होती, आणि आमच्या बिड्यांच्या सुपाभोवतीही होती. वामनदादांनी कोणाला ‘माझे गाणे का गातोस’ असे विचारत फिरल्याचे मी ऐकले नाही. त्यांनीही संतांचीच रीत धरली; शेवटच्या कडव्यात ‘वामन’ शिवून ठेवला. पण अलीकडे मी पाहतो, जलशात वेळ थोडा म्हणून गायक शेवटचे कडवे गाळतात. ज्या कडव्यात धन्याचे नाव तेच नेमके जाते. दादा २००४ साली गेले. आता ते गायकाला अडवायला येणार नाहीत.

हे सारे दूरचे झाले. आपल्या झाडीपट्टीत काय चालते ते पाहू, कारण येथे मला जरा जास्त बोलायचे आहे.

आपल्या वाडवडिलांच्या काळी दिवाळीच्या सुमारास दंडार व्हायची. गावातलेच गडी नाचायचे, गावच पाहायचे, तिकीट नाही, बिदागी नाही. हे पाहून काही लोक म्हणतात की बघा, जुने लोक कसे निःस्वार्थी होते, आताचे कलावंत पैशाला हपापलेले. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. दंडारीत नाचणारा आज रात्री नाचला, तर उद्या त्याच्या बांधीत धान कापायला पाहणाऱ्यांपैकीच चार जण जात. त्याच्या घरी मयत झाली तर भजनाला तीच माणसे बसत. ढोलकीवाल्याच्या पोरीच्या लग्नात कोणी तांदूळ देई, कोणी सरपण. देणारा आणि घेणारा एकाच गावचे असल्यामुळे दिलेले फिरून परत येत होते. फक्त ते पैशाच्या रूपात येत नव्हते, म्हणून वहीत दिसत नाही. आजसुद्धा कोणाच्या दारी तेराव्याचे भजन असले आणि तुम्ही मंडळाच्या म्हाताऱ्या पेटीवाल्यापुढे नोट धरलीत, तर तो ती घेणार नाही आणि तुमच्याकडे असे पाहील की तुम्हीच शरमाल. त्याचे बरोबर आहे. त्याच्या दारी तुम्ही जाणार आहात हे त्याला माहीत आहे.

पण वडशाहून नाटक कंपनी येते, किंवा मंडईसाठी परगावची खडी गम्मत येते, तेव्हा हा फेरा तुटलेला असतो. त्या नटाच्या शेतात तुम्ही धान कापायला जाणार नाही. तो रात्रभर उभा राहतो, पहाटे मेमॅडोर नाही तर एस्टी पकडून पुढल्या गावाला जातो. त्याचे देणे रोखीनेच फेडले पाहिजे, दुसरी वाटच नाही. झाडीपट्टीच्या नाटकांनी हे मान्य केले. तिकीट लावले, नटांची रात्रीची मजुरी ठरवली, म्हणून ती रंगभूमी आज टिकून आहे. त्याच रंगभूमीवर पाच-पाच तास उभे राहणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके उडवले. पण गावच्या उत्सवात शाहीर बोलवायचा म्हटले की आपली भाषा बदलते. ‘सेवा समजून या.’ मंडपवाल्याला कोणी असे म्हणते काय, की बाबा, सेवा समजून खांब पूर? लाऊडस्पीकरवाला आगाऊ घेतो. आचारी आपले ठरवून घेतो. देवापुढे गाणारा तेवढा मात्र देवाचा!

आणखी एक पाहिले आहे. गमतीत कोणी खूश होऊन दहाची नोट दिली, की नाच थांबवून त्याचे नाव पुकारतात. अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून दहा रुपये बक्षीस, आभारी आहोत. दहा रुपये देणाऱ्याचे नाव साऱ्या गावाला कळते. ज्या गाण्यावर तो खूश झाला ते लिहिणाऱ्याचे नाव कोणी पुकारीत नाही. आपल्या सानगडीच्या किल्ल्याचे दगड घडवणारे पाथरवट कोण होते ते आज कोणालाच सांगता येत नाही, त्याला इलाज नाही. गाणे लिहिणारा तर कित्येकदा त्याच तालुक्यात जिवंत असतो.

कायदा यात अगदीच मुका नाही. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा म्हणतो की लेखकाने आपले सगळे हक्क विकले तरी कृती आपली म्हणण्याचा त्याचा हक्क विकला जात नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क चालतो; म्हणजे अण्णाभाऊंच्या लेखनावर २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या गाण्यांवर २०६४ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमातल्या गीतकाराचा मानधनातला वाटाही राखला. पण आमच्या गमतीचा शाहीर कोणत्या कोर्टात जाणार? राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते; २०२४ साली ते सरसकट महिना ५,००० रुपये केले. चांगले केले. फक्त ते मिळवायला कलावंताला आपण कलावंत आहोत याचे दाखले आणावे लागतात. ज्याच्या कार्यक्रमाची पावती कोणी कधी फाडली नाही, पत्रिकेत ज्याचे नाव छापले नाही, तो दाखला कोठून आणणार? आपण ‘सेवा’ म्हणून ज्याला फुकट गायला लावले, त्याचा म्हातारपणचा पुरावाच आपण खाल्ला. हे मी तर्काने सांगत नाही. असे कागद जमवत कलावंतांबरोबर मी कचेरीच्या पायऱ्या चढलो आहे.

म्हणून माझे उत्सव मंडळांच्या चालकांना सांगणे साधे आहे. कलावंताला बोलावताना आकडा आधी विचारा. तो ‘काही नको’ म्हणाला तर ते त्याचे दान, हात जोडून घ्या, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. जे द्याल त्याची पावती त्याच्या नावाने फाडा, एक रुपयाची असली तरी. पत्रिकेत देणगीदारांच्या यादीच्या वर गाणारा आणि लिहिणारा यांची नावे घाला. आणि गायकांनी शेवटचे कडवे गाळू नये; वेळ कमी पडत असेल तर आमच्यासारख्यांची भाषणे कापावीत.

माझ्यानंतर येथे खंजिरी भजन आहे. मंडळी मघापासून ताटकळली आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघांना साकोलीकडची शेवटची गाडी गाठायची आहे. चालकांना मी सकाळीच विचारले. त्यांचे गाडीभाडे आणि बिदागी पाकिटात घालून ठेवली आहे असे ते म्हणाले. तेव्हा मी खाली बसतो.