ती काय, घरीच असते

कामं आटोपली नसतील, तरी हातातलं चालू ठेवून ऐका.

2011 सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जनगणनेचे गुरुजी आमच्या दारात आले, तेव्हा मी रानात ज्वारी काढत होते. ओट्यावर सासरे बसलेले. गुरुजींनी घरातल्या एकेकाचं विचारलं. माझं नाव आलं तसे सासरे म्हणाले, "ती काय, घरीच असते." गुरुजींनी लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले. संध्याकाळी मी आले ती हाताला फोड घेऊन, आणि सरकारच्या कागदावर मी बिनकामाची झाले होते. सासऱ्यांवर माझा राग नाही. मी दारात असते तर मीही हेच सांगितलं असतं.

जनगणना झाली की जिल्ह्याचं एक पुस्तक निघतं. त्यात आपल्या गावाचीही ओळ असते. माणसं किती, सहा वर्षांखालची पोरं किती, लिहिता-वाचता येणारे किती, कामाला जाणारे किती. बाया-पुरुष वेगवेगळे मोजलेले. आमच्या गटातल्या एका शिकलेल्या मुलीने ती ओळ मोबाइलवर काढून बैठकीत वाचली. 'काम न करणारे' या खान्यातला बायांचा आकडा ऐकून एक आजी म्हणाली, "एवढ्या बाया रिकाम्या बसतात? कुठं बसतात ते दाखवा, मी पण येते." सगळ्या हसलो. पण हसून झाल्यावर प्रश्न राहिलाच.

मग आम्ही नियम समजून घेतला. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य काम करणारी', त्याहून कमी केलं तर 'सीमांत', म्हणजे थोडे दिवस काम करणारी. आणि कामाला मजुरी मिळालीच पाहिजे असं नाही! घरच्या शेतात बिनपैशाने राबणं हेही कामच. म्हैस पाळली आणि दूध विकलं नाही, पोरांनाच पाजलं, तरी 2011 च्या नियमात ते काम होतं. म्हणजे नियमाने आम्हाला वगळलं नव्हतं. ओट्यावरच्या उत्तराने वगळलं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं तोडतात, दोघं मोळ्या वाहतात, उचल मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाई अर्धा कोयता, तीही बोलण्यात, कागदावर तेवढीही नाही. शिवाय 2011 ची गणती झाली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू होता. गणतीचे सगळे दिवस जे घराबाहेर होते, त्यांची मोजणी असतील तिथे व्हायची होती. म्हणून ज्या गावातून टोळ्या जातात, त्या गावाचा आकडा वाचताना कोण बाहेर होतं ते आठवायचं.

आकडा खोटा नसला तरी फसवू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1122 बाया होत्या. कुणाला वाटेल, तिथे मुलींचे फार लाड. पण सहा वर्षांखालच्या पोरांत तिथेही मुली कमीच. मोठ्या बाया जास्त दिसतात, कारण पुरुष कामाला मुंबईत. ज्याला गाव माहीत त्यालाच गावाचा आकडा कळतो, आणि गाव आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

म्हणून आम्ही आमच्या वस्तीची मोजणी आम्हीच केली. अंगणात खडूने घरं आखली. प्रत्येक बाईमागे, ती ज्या महिन्यात शेतावर, मजुरीला किंवा गुरांमागे असते, त्या महिन्याचा एक चिंचोका. खुरपणी, कापूस वेचणी, ज्वारीची काढणी. वैशाख सोडला तर रिकामा खाना शोधावा लागत होता. एक जण 'मी काही करत नाही' म्हणत बसली. तिच्यापुढे तीन शेळ्या आणि एक म्हैस मांडली, तेव्हा गप्प झाली.

याचा उपयोग काय झाला ते सांगते. आम्ही पाळणाघर मागत होतो. उत्तर यायचं, बाया तर घरीच असतात, पाळणाघर कशाला? या वेळी ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत आम्ही वहीच पुढे ठेवली: कोणत्या महिन्यात किती घरांत दिवसा मोठं माणूस नसतं आणि किती लहान पोरं मागे राहतात. ठराव झाला. पाळणाघर अजून झालेलं नाही, ते खरं. पण 'घरीच असतात' हे उत्तर परत कुणी दिलेलं नाही.

अंगणवाडीचंही तसंच. साधारण 400 ते 800 लोकवस्तीला एक, असा हिशेब असतो. आपली वस्ती किती, हे आपल्याला माहीत नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? रेशनचं धान्य किती जणांना, हे तर अजून 2011 च्या गणतीवरून ठरतं. 2021 ची गणती झालीच नाही.

आता पुढची गणती येते आहे. 1 मार्च 2027 हा तिचा दिवस ठरला आहे. गणती करणारे आले की सासऱ्यांना, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. रानात जायचं असेल तर कोण काय सांगणार ते ठरवून जा. शेतात राबते, गुरं पाळते, शिवणकाम करते, जे असेल ते. कर लागेल, रेशन जाईल अशी भीती नको. 1948 च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायची असते.

बैठक संपताना एकीने विचारलं, "आणि जळण, पाणी, भाकऱ्या?" ते या गणतीत कामात धरत नाहीत, असं मला सांगावं लागलं. सरकारने 2019 मध्ये लोकांचा वेळ कसा जातो ते मोजलं होतं. घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. म्हणजे मोजता येतं. ती म्हणाली, "मग त्या सत्त्याण्णवात आमचे हे कुठं होते?" आम्ही पुन्हा चिंचोके काढले.