दुधनेचा डोह आणि अमेरिकेचा बेडूक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि सांगितलं, तुला जे येतं त्यावर बोल. माझ्या आधी एक मित्र मधुमेहावर बोलला, दुसऱ्यानं म्युच्युअल फंड समजावून सांगितले. मला या दोन्हींतलं थोडं थोडं आहे, पण येत काहीच नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण त्यावर बोललो तर तुम्ही जेवणाच्या मंडपाकडं पळाल. मला खरोखर येतं ते एकच, गळ टाकायला. म्हणून आज मासे या विषयावर बोलतो. माळकऱ्यांनी रागावू नये, मीही माळकऱ्याच्याच घरातला आहे.

आमच्या घरात मासा उंबऱ्याच्या आत येत नव्हता. आईच्या गळ्यात माळ होती. मी दुधनेवरून काही आणलंच तर ते गल्लीत वाटून टाकायचं किंवा गोठ्याजवळ तीन दगड मांडून वेगळ्या भांड्यात शिजवायचं, असा तह झालेला होता. ते भांडंही घरच्या भांड्यांत मिसळत नसे. आई एकच प्रश्न विचारायची, "खायचं नाही तर धरतूस कशाला?" या प्रश्नाला मी पन्नास वर्षं वेगवेगळी उत्तरं देत आलोय. त्यातलं एकही तिला पटलं नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना भोईबाबा आठवत असतील. खांद्यावर जाळं, कमरेला पिशवी, आणि आपण शाळेतून पळून डोहावर गेलो की "मास्तरला सांगू का?" म्हणून दटावणारे. ते स्वतः जाळ्याचे माणूस, पण गळाचं सगळं त्यांनीच मला शिकवलं. पहिला धडा असा, की डोहावर पोचल्यावर गळ काढायचाच नाही. एक बिडी संपेपर्यंत बसायचं आणि पाणी बघायचं. दुसरा धडा, उन्हाकडं तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. तिसरा धडा मरळीचा. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावी लागते. पाण्यावर 'गुळुक्' असा आवाज होतो आणि एक वळी उमटते. ती वळी दिसली की जागा लक्षात ठेवायची, कारण मरळ आपल्या टापूतच फिरते आणि थोड्या वेळानं पुन्हा वर येते. आजही मी महागडा चष्मा लावून हेच बघतो.

तेव्हाचं सामान आठवलं की हसू येतं. वेळूची काठी, मेण लावलेला सुती दोरा, सेलूच्या बाजारातून आणलेला दहा पैशांचा गळ, शिशाऐवजी खिळा आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाचा तुकडा. पुढं तंगूस मिळायला लागला तेव्हा मला वाटलं की विज्ञानाचं आता करायचं काही राहिलं नाही.

आमिषाचंही शास्त्र आहे आणि ते माशाच्या तोंडावर लिहिलेलं असतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चाळतो. रोहू मधल्या थरातला. त्यामुळे कणकेत करडईची नाहीतर शेंगदाण्याची पेंड कालवून तोच गोळा लावला, तरी गळ किती खोल सोडायचा ते मासा ठरवतो. हे तिन्ही मासे मुळात गंगेकडचे, आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातले नव्हेत. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली, आणि त्यानंतर देशभरच्या तळ्यांत यांचं बोटुकलं जाऊन पडलं. येलदरीच्या धरणावर तुम्ही जो रोहू खाता तो त्या इंजेक्शनचा नातू-पणतू समजा.

शिवड्याला कणीक चालत नाही. त्याला जिवंत किंवा मेलेला छोटा मासा लागतो, आणि दातांनी तो तंगूस सुपारीसारखा कातरतो, म्हणून गळाच्या वर वीतभर तार हवीच. शिंगट्याला धरताना सांभाळून, त्याचा काटा लागला की हात संध्याकाळपर्यंत ठणकतो. वाम गळाला लागली तर सगळा तंगूस स्वतःभोवती गुंडाळून घेते आणि आपण अर्धा तास गाठी सोडवत बसतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं दख्खनच्या माशांवर लिहिलेला निबंध १८३९ साली छापला गेला, त्यात त्यानं कित्येक माशांना आपल्याकडच्या मासेमारांनी सांगितलेलीच नावं लॅटिनच्या शेपटीला बांधली. शिंगटी, कोळस ही नावं आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत आहेत. दख्खनच्या महाशीरचं 'टॉर खुद्री' हे नावही त्याचंच. भोईबाबांना हे सांगायला मला हवं होतं, पण मला ते कळलं तेव्हा ते नव्हते.

नोकरीत बदल्या होत गेल्या. जिंतूरला होतो तेव्हा येलदरी जवळ. पुढं बढतीवर अलिबागला गेलो. तिथं जिताडा भेटला. रायगडात जिताडा म्हणजे प्रतिष्ठा. साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर जिताडा पाठवावा, असं तिथं गमतीनं म्हणतात. बँक मॅनेजर असल्यामुळे मला ही गंमत फार जपून घ्यावी लागे. खाडीतला हा मासा तारुण्यात नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. इंग्रजीत त्याला 'सी बास' म्हणतात. बास हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा तिथंच पडला.

खरा अमेरिकन बास मात्र वेगळा, गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं मला एका खेपेला एक डबा आणून दिला. त्यात मऊ रबराचे पोकळ बेडूक होते. हे तिकडं बाससाठी करतात. आत दोन गळ असतात, पण त्यांची टोकं पाठीला चिकटून वर वळलेली, त्यामुळे बेडूक शेवाळावरून, जलपर्णीवरून ओढला तरी कुठं अडकत नाही. माशानं जबडा मिटला की पोकळ रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. एवढी साधी युक्ती. आपल्याकडं बास नाही, पण मरळ आहे, आणि मरळीला हा अमेरिकन बेडूक इतका आवडला की आपल्या घरच्या बेडकांना वाईट वाटावं.

तो टाकायची पद्धत सांगतो, कारण मघाशी दोघांनी विचारलं. जाड विणलेली दोरी आणि ताठ काठी घ्यावी. लवचिक काठीनं मरळ पाणवनस्पतीतून बाहेर ओढता येत नाही. बेडूक हवा तिथं न टाकता दोन हात पलीकडं टाकायचा, म्हणजे 'टप्' आवाजानं मासा बुजत नाही. मग ओढायचा, थांबायचं, जरा हलवायचा, पुन्हा थांबायचं. खरं काम थांबण्यात आहे. मरळ आली की पाणी फुटतं, छातीत धस्स होतं आणि हात आपोआप झटका मारतो. तो मारायचा नाही. मनात "वि-ठ्ठल" म्हणायचं, दोरीवर वजन जाणवलं की मगच काठी उचलायची. पाणी फुटताच झटका दिला तर बेडूक उडून आपल्याच तोंडावर येतो. अमेरिकेतले लोक विठ्ठलाऐवजी एक-दोन मोजतात, एवढाच फरक.

या बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या माणसाच्या नावावर आहे. २ जून १९३२, जॉर्जिया राज्य, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. सत्त्याहत्तर वर्षांनी, २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून किंचित जास्त वजनाचा बास धरला, पण विक्रम मोडायला ठरावीक फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी लागली. गंमत अशी, की जपानमध्ये हा बास उपरा. १९२५ साली हौसेनं नेऊन सोडलेला, आणि पुढं त्यानं तिथल्या मूळ माशांचा फडशा पाडला. आता बिवा सरोवरात बास धरला तर परत पाण्यात सोडायला मनाई आहे. त्यामुळे "मी मासा धरून सोडून देतो" असं कुणी मिरवायला लागलं की मी विचारतो, कुठला मासा? आपल्या तळ्यातली चिलापी आफ्रिकेतून आलेली. ती मी सोडत नाही, वाटून टाकतो. आफ्रिकन मांगूर तर अजिबात सोडायचा नाही. मरळ, शिवडा, वाम मात्र सोडतो. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाकलेला असतो, हात ओले करून मासा धरायचा, फोटो काढायचाच तर मासा पाण्यालगत ठेवून. माशाला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. आईसमोर ते कधी म्हणता आलं नाही, तुमच्यासमोर कशाला म्हणू?

आता ज्यासाठी मी वीस मिनिटं घेतली ते सांगतो. बास आणि मरळ यांचं एक गोत्र जुळतं, ते पिल्लं राखण्याचं. बासचा नर घरटं करतो आणि पिल्लं राखतो. मरळीची जोडी पावसाळ्यात पिल्लांचा केशरी-तांबडा घोळका घेऊन फिरते. पिल्लंही हवा घ्यायला वर येतात, त्यामुळे पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्या घोळक्यात काहीही पडलं तरी आई-बाप त्यावर तुटून पडतात, भुकेनं नव्हे, रागानं. म्हणजे मरळ धरायची ही सगळ्यात सोपी वेळ. गळ टाकणाऱ्याला कसलीच अक्कल लागत नाही. आणि राखणारी मरळ गेली की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं साफ करतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच भागांत बासच्या या दिवसांत त्याची मासेमारी बंद असते. आपल्याकडं अशी बंदी भोईबाबांच्या तोंडात होती. १९७२ च्या दुष्काळात आपण सगळे सुकडी खात होतो, मोठी माणसं खडी फोडत होती, आणि डोह आटून डबकं झालं होतं. लोक टोपल्यांनी मासे काढत होते. भोईबाबांनी त्यातल्या चार मोठ्या मरळी घागरीत घातल्या आणि खालच्या खोल डोहात नेऊन सोडल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं मला माहीत नाही. मी विचारलं, "बाबा, सोडल्या कामून?" म्हणाले, "लेकरा, बियाणं खाल्लं तर पेरतूस काय?"

आज दुधनेत काय आहे ते तुम्ही येता-जाता बघता. वर ब्रह्मवाकडीला धरण झालं, शेतीला पाणी मिळालं, ते हवंच होतं. पण खाली वाळू उपसून उपसून डोह सपाट झाले. डोह म्हणजे नदीची कोठी, उन्हाळ्यात सगळं बियाणं तिथं राहतं. दुसरं म्हणजे रात्री तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारी पोरं. त्यात मोठा मासा वर येतो तेवढा नेतात, बोटाएवढी पिल्लं तशीच मरून तळाशी जातात. दोन-तीन पोरंही असल्या प्रकारात जाता जाता वाचली आहेत. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानं बंदी घातली होती, म्हणजे इंग्रजाला जे कळलं होतं ते आपल्याला अजून सांगावं लागतंय.

आपल्या वर्गातले दोघं ग्रामपंचायतीत बसले, एक जण सोसायटीत आहे, आणि एकाच्या जावयाकडं तळ्याचा ठेका आहे. नावं घेत नाही, ते हसतायत त्यावरून कळतंच आहे. मला देणगीची पाटी नको. मला एक डोह हवा. तुम्ही ठराव करा, की आपल्या शिवारातल्या एका डोहातली वाळू उचलायची नाही, आणि आषाढापासून भादव्यापर्यंत तिथं जाळं, गळ, काही टाकायचं नाही. माझाही गळ नाही. भोई समाजातल्या ज्या घरांचं पोट यावर आहे त्यांना आधी बोलवा, त्यांच्याशिवाय ठराव केला तर तो कागदच राहील. बारवेतला गाळ काढायला आपल्या गावची माणसं जशी उतरली, तशी इथंही उतरतील.

आणि हो, उद्या सकाळी कुणाला माझ्याबरोबर यायचं असेल तर साडेपाचला शाळेच्या फाटकाशी या. पांढरे कपडे नकोत, लांबून चमकतात. मोबाइल बंद. नातवंडं आणली तर चालतील, माझ्याकडं तीन काठ्या जास्तीच्या आहेत. पहिली बिडी संपेपर्यंत गळ मिळणार नाही, आणि बिडी कुणी ओढायची नाही.