विद्यापीठाची वेस
(दिघोरी, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



धानाच्या या मुलखात दक्षिण आफ्रिकेतील एका विद्यापीठाची हकीकत सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न तेथे आणि येथे एकच आहे, म्हणून ती सांगतो.

१९५९ साली तेथील गोऱ्या राज्यकर्त्यांनी उच्च शिक्षणाचीही वर्णाप्रमाणे वाटणी करणारा कायदा केला. त्याला नाव मात्र दिले 'विद्यापीठीय शिक्षणाचा विस्तार'! या कायद्यान्वये १९६० मध्ये केपटाउनजवळ मिश्रवर्णीयांसाठी 'वेस्टर्न केप' ही संस्था निघाली. पुढच्याच वर्षी भारतीय वंशाच्या मुलांसाठी दरबान बंदरातील एका बेटावर निराळे महाविद्यालय काढण्यात आले. राज्ययंत्रणेला दुय्यम नोकर पुरवावेत आणि ज्याला त्याला त्याच्या पायरीवर ठेवावे, हा हेतू उघड होता. विद्यार्थ्यांनी तो उधळून लावला. १९७३ मध्ये ते विद्यापीठ सोडून बाहेर पडले, तेव्हा भोवतालच्या वस्त्यांतील समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला. १९७५ मध्ये त्यांना पहिला गोरेतर कुलगुरू मिळाला आणि ज्या वर्णभेदाच्या पायावर आपली उभारणी झाली, तो पायाच आपल्याला अमान्य आहे, असे १९८२ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले.

आपल्या प्रजासत्ताकात असा कायदा कधीच नव्हता. उलट, संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. १९५८ मध्ये तेथे मराठवाडा विद्यापीठ आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. विद्यापीठ शहरात होते; घरे जळाली ती खेड्यापाड्यांतील दलितांची. निमित्त नावाचे होते. शिकलेल्या मुलाने गावकीची कामे नाकारली, मजुरीचा दर विचारला, याचा राग त्यामागे होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. कायद्याने दार उघडले, तरी वेस उघडत नाही, हा त्या साडेपंधरा वर्षांचा धडा आहे.

नामांतरासाठी समाजवादी कार्यकर्त्यांनी तुरुंगवास भोगला, हे खरे. पण पुरोगामी म्हणवणारे कित्येकजण प्रादेशिक अस्मितेची ढाल पुढे करून विरोधात उभे राहिले, हेही तितकेच खरे. आणि आपण भंडाऱ्याच्या लोकांनी मराठवाड्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या मतदारसंघात दोन जागा होत्या. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पराभूत झाले. त्या निकालाची कारणे कोणी काहीही सांगो, समतेच्या चळवळीला त्यातून सुटका नाही.

तेव्हा आपले काम कोणते? नागपूर विद्यापीठ १९२३ पासून उभे आहे. त्याचे दार आपल्या मुलांना कायद्याने बंद नाही. पण बौद्ध, गोंड, धीवर घरातला मुलगा किंवा मुलगी शहरात शिकायला निघाली की फी, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा हिशेब आडवा येतो. शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याण कार्यालयाची पायरी त्यांच्याबरोबर कोण चढणार? जात विचारून खोली नाकारली गेली तर घरमालकाला जाब कोण विचारणार? धान लावणीच्या दिवसांत मुलीला शिक्षण सोडायला लावणाऱ्या बापाची मजुरी वाढावी म्हणून कोण भांडणार? प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अशा मुलामुलींची यादी करावी आणि त्यांची पदवी हाती येईपर्यंत त्यांची पाठ सोडू नये.

वेस्टर्न केपच्या मुलांमागे त्यांच्या वस्त्या होत्या. आपल्या मुलांमागे आपले गाव आहे काय, याचे उत्तर ठरावाने देता येणार नाही. ते कामानेच द्यावे लागेल.