न दिसणाऱ्या कामाचा मान



हमाल-कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाने वेब डिझाइनवर काय बोलावे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु आपल्या तालुक्यातली मुले ज्या धंद्यात शिरत आहेत, त्यात त्यांना माणूस म्हणून वागवतात की नाही, हे पाहणे आमच्याच कामात मोडते.

संकेतस्थळ म्हणजे दुकानाची पाटी, दर्शनी खोली आणि गल्ल्यावरचा माणूस, हे तिन्ही एके ठिकाणी. ते उभे करणारा मुलगा मात्र कोणाला दिसत नाही. बाजार समितीत पाठीवरचे पोते तरी दिसते. ह्याचे ओझे डोळ्यांवर आणि झोपेवर. म्हणून रात्री अकराला निरोप येतो, ‘भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे, तेवढा रंग बदलून टाक.’ रंग बदलला की अक्षर लहान वाटते, अक्षर मोठे केले की चित्र सरकते. दहा दुरुस्त्या झाल्यावर ‘साहेबांना पसंत पडलं नाही’ एवढ्या एका वाक्यावर पैसे अडकतात. पसंती कोणाची, कितव्या दुरुस्तीपर्यंत, हे आरंभी कोणी लिहून ठेवलेलेच नसते.

गोड बोलणे म्हणजे मान, अशी आपली समजूत आहे. हमालाला ‘दादा’ म्हणणारे व्यापारी पूर्वीही होते. पण अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा झाला, टोळ्यांची नोंद झाली, मजुरी मंडळाकडे भरण्याची आणि तिच्यावर लेव्ही देण्याची जबाबदारी मालकावर आली, तेव्हा त्या ‘दादा’ शब्दाला वजन आले. तसेच सुटीचे. गिरणीवाल्यांनी रविवारची सुटी 10 जून 1890 रोजी मान्य केली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी हजारो कामगार उभे केल्यानंतर. सव्वाशेहून अधिक वर्षांनी घरी बसून काम करणाऱ्या मुलाचा रविवार पुन्हा गिऱ्हाइकाच्या खिशात गेला आहे, आणि त्याला स्वतःलाही त्यात काही वावगे वाटत नाही. हे आम्हांला अधिक बोचते.

ह्या मुलांच्या हाती काहीच नाही असे मात्र नव्हे. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आहे. एकट्याने काम घेणारा मुलगाही ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो, आणि ती काम घेण्याआधीच करून ठेवावी. मग लेखी करारातही पैसे देण्याची मुदत काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी काही ठरलेच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. आणि कामात खोट असेल तर गिऱ्हाइकाने ती 15 दिवसांत लेखी कळवायची आहे. ‘पसंत पडलं नाही’ हे तोंडी म्हणणे तिथे चालत नाही. ह्या सभेत व्यापारी मंडळी बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता मुलांनाही थोडे ऐकवले पाहिजे. मान मागणाऱ्याने वाचणाऱ्याचा मान ठेवला आहे का? मराठी ‘ल’ आणि ‘श’ ह्यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने ती ठरवून दिली. पानाच्या संकेतात ‘भाषा मराठी’ एवढी नोंद केली, तर तशी सोय असलेला टंक ती वळणे आपोआप उमटवतो. नोंद कोण करतो? ज्या ‘मंगल’ टंकात आपण वर्षानुवर्षे मराठी वाचली, तो र. कृ. जोशी ह्या मराठी माणसाने घडवला. एका माणसाने आपल्या अक्षरासाठी एवढे केले, आणि आमच्या मुलांना दोन अक्षरांची नोंद जड व्हावी!

दुसरे, चित्रांचे. आंधळा माणूस मोबाइलवर पान ऐकतो. यंत्र मजकूर वाचून दाखवते, पण चित्रामागे वर्णन लिहिलेले नसेल तर ते नुसते ‘चित्र’ म्हणून पुढे जाते, आणि भाव, तारीख, पत्ता सारे चित्रातच असले तर त्या माणसाला काहीच कळत नाही. अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर अशा साधनांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ज्या मुलाला रात्री अकराला ‘दोन मिनिटांचे’ काम सांगितले जाते, तो वर्णने गाळतो. त्याला आम्ही सबब म्हणणार नाही, पण तसे घडते खरे. वीस चित्रांची वर्णने लिहायला अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणी द्यायचे, हे काम घेताना, पहिल्याच बैठकीत, आकड्यासह कागदावर आले पाहिजे.