उन्हातला चेहरा
(मंडळाच्या हौशी छायाचित्रकारांपुढे हिंदूराव परिसरात झालेले भाषण)



ज्या टेकडीवर आपण जमलो आहोत, तिच्या नावात एक मराठी माणूस आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझरने बांधलेला येथील बंगला, १८३५ साली फ्रेझरचा खून झाल्यावर, हिंदूरावांकडे आला व त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८५७ च्या लढाईत त्याची चाळण झाली. पुढच्याच वर्षी फेलीचे बेआतो याने त्याचे छायाचित्र घेतले, म्हणून ते रूप आज आपल्याला पाहावयास मिळते.

आपणही येथे अशोकस्तंभापाशी घरच्या मंडळींना उभे करतो आणि छायाचित्र गावी धाडतो. गावाकडची माणसे त्यात दोन गोष्टी शोधतात : आपले माणूस कसे आहे आणि ते राहते कोठे. भर उन्हात यांपैकी एक बहुधा हरवते. माणूस उन्हाकडे तोंड करून उभा राहिला तर डोळे मिटतात आणि भुवयांखाली काळे खड्डे पडतात. पाठ केली तर चेहरा दोन-तीन स्टॉपने अंधारतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवावे, तर आकाश, स्तंभ, झाडे सारे पांढरे होऊन जाते. दिल्लीचा जूनमधला मध्यान्हसूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावरच असतो. डिसेंबरात तो अवघ्या ३८ अंशांवर येतो. म्हणूनच थंडीतले ऊन चेहऱ्याला अधिक मानवते.

यावर उपाय म्हणजे दिवसाढवळ्या फ्लॅश लावणे. पुष्कळांना हे विचित्र वाटते. परंतु त्यामागील तत्त्व सोपे आहे. फ्लॅशची चमक क्षणार्धाची असते, त्यामुळे शटरचा वेग बदलल्याने उन्हाचा प्रकाश कमीजास्त होतो, फ्लॅशचा होत नाही. भिंगाचे छिद्र मात्र दोहोंवर चालते. म्हणून आधी पार्श्वभूमीचे एक्स्पोजर ठरवावे आणि मग फ्लॅशने चेहरा भरून काढावा.

उदाहरण घेऊ. आयएसओ १०० ला स्वच्छ उन्हात १/१२५ सेकंद व एफ १६ हे माप चालते. १/२५० व एफ ११ हे त्याच्याच तोडीचे. आता फ्लॅशचा गाइड नंबर, मीटरमध्ये, ३२ आहे असे धरा. त्याला अंतराने भागले की छिद्राचे माप मिळते. चार मीटरवर ते एफ ८ येते. भिंग एफ ११ वर आहे, म्हणजे फ्लॅश उन्हाच्या एक स्टॉप मागे राहिला. सूर्य पाठीशी ठेवून काढलेल्या चित्रात हेच प्रमाण स्वाभाविक दिसते. फ्लॅश उन्हाच्या बरोबरीला आला, की चेहरा कागदातून कापून चिकटविल्यासारखा वाटू लागतो.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. पडदा-शटरच्या कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी शटरचा वेग ठरलेला असतो. जुन्या यंत्रांत तो बहुधा १/६०, आजच्यांत १/२०० ते १/२५०. त्यापुढे गेल्यास चित्राचा काही भाग काळा राहतो. आजचे काही फ्लॅश ही मर्यादा ओलांडतात, पण त्यात त्यांचा जोर घटतो. फ्लॅशच नसेल तर पांढरी चादर दोघांनी चेहऱ्यासमोर, चौकटीबाहेर धरावी. तीही पुष्कळ काम करते.

शेवटी एक विनंती. फ्लॅश लावायचा तो चेहरा दिसावा म्हणून, गोरा दिसावा म्हणून नव्हे. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या आणि सावळा वर्ण चमकेत पुसून टाकला, तर गावी पोहोचेल ते चित्र दुसऱ्याच कुणाचे असेल. माणूस जसा आहे तसा आणि दिल्ली जशी आहे तशी, दोन्ही एका चौकटीत नांदावीत, एवढेच या कौशल्याचे प्रयोजन.