खवय्यांचे शहर



‘खवय्यांचे शहर’ हा विषय एका युनियनवाल्याकडे कसा आला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. चिटणिसांनी विचारले तेव्हा मलाही तसेच वाटले. पण हॉटेल कामगारांत काम करणारा माणूस उपाहारगृहात मागच्या दाराने शिरतो, आणि त्या दारातून शहर जरा निराळे दिसते. तेवढ्याच भांडवलावर मी उभा आहे.

मी मुंबईपुरते बोलणार. या शहराला चव कोणी दिली? श्रीमंतांनी नव्हे, त्यांच्या घरी आचारी होते. १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसे येऊ लागली, ती बहुधा एकटी. बायकामुले गावी. एका खोलीत दहापंधरा जण, झोपायचे तेही पाळीपाळीने. चूल मांडायची कुठे आणि केव्हा? तेव्हा चाळीतल्याच एखाद्या बाईने दहावीस माणसांचे जेवण करायला घेतले. तिची खोली हीच खानावळ. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. पैसे महिन्याने, गावी गेला तर तितके खाडे वजा. चव उतरली की गिऱ्हाईक शेजारच्या चाळीत जाई, आणि हे गिऱ्हाईक रोज आपल्या आईच्या हाताशी ताडून पाहणारे! बड्या हॉटेलातल्या आचाऱ्याचीही इतकी कडक परीक्षा होत नसेल.

या बाईचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. वाण्याकडून धान्य उधार, वरखर्चाला सावकार. संप झाला की गिऱ्हाइकांचे पगार बंद. पण जेवायला बसलेल्या माणसाला ऊठ कसे म्हणायचे? आमचे संप पुढाऱ्यांच्या नावाने ओळखले जातात. ते चालले या बायकांच्या उधारीवर, हे आम्ही युनियनवाल्यांनी पुरेसे सांगितलेले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग बहुतेक खानावळीही गेल्या.

बाकीची नावे तुम्हाला ठाऊकच आहेत. घरचे जेवण कचेरीत पोचवणारे मावळातले डबेवाले १८९० पासूनचे. माटुंग्याचे रामा नायकांचे उडुपी १९४२ चे. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात. दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या उभ्या खाता येईल असा हा पदार्थ. थोडक्यात, घर दूर, खिसा लहान आणि वेळ थोडा, अशा माणसाच्या भुकेवर हे सारे उभे राहिले.

आता मागच्या दाराने आत चला. भटारखाना बहुधा अरुंद, वारा नाही, भट्टी पहाटे पेटलेली. मंगळूर-उडुपीकडून आलेली कितीतरी मुले इथे कपबश्या धूत आणि रात्रशाळेत शिकत. त्यांतले काही पुढे मालक झाले. त्या कथा आपण कौतुकाने सांगतो, आणि जे आयुष्यभर कपबश्याच धूत राहिले त्यांना विसरतो. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात राबवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, हे फार चांगले झाले. परंतु मोठ्या माणसाचे काय? १९४८ च्या मुंबईच्या कायद्यात उपाहारगृहांच्या कामगारांसाठी कामाचे तास, विश्रांती, सुटी यांची तरतूद होती. २०१७ साली राज्याने नवा कायदा केला आणि दहांहून कमी कामगार असलेल्या जागा त्याच्या बहुतेक कलमांबाहेर ठेवल्या. म्हणजे ज्या लहान हॉटेलांत कामगाराच्या बाजूने बोलायला कोणी नसते, नेमकी तीच सुटली. रात्री टेबले एकमेकांना लावून त्यांवरच झोपणारा वेटर मी पाहिला आहे. सकाळी त्याच टेबलावर आपण इडली खातो.

गाडीवाल्यांचीही गोष्ट अशीच. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या, आधी पाहणी करा, मग हटवा, असे सांगितले. पाहणीच्या आधी गाडी उचलण्याची घाई मात्र नगरपालिकांना फार असते. त्याच गाडीवरचा वडा खाऊन कारकून तिची जप्ती लिहितो, हा विनोद नव्हे.

एक गृहस्थ मला नेहमी विचारतात : हॉटेलातल्या माणसाला आठ-नऊ तासांची पाळी आणि आठवड्याची सुटी दिली, तर राइस प्लेट महाग होणार नाही का? होईल, थोडी होईल. एका मध्यम हॉटेलचा तसा हिशेब मी कागदावर मांडून आणला आहे : भाडे, गॅस, भाजी, पगार, सगळे वेगवेगळे. व्याख्यान संपल्यावर मी इथेच, व्यासपीठाच्या डावीकडे बसणार आहे. ज्यांना आकडे तपासायचे असतील त्यांनी थांबावे. हॉटेलमालक मंडळींपैकी कोणी आले असतील, तर त्यांनी तर अवश्य थांबावे.