शास्त्रकथांचें कपाट

पुस्तकांचा नाद असलेल्या माणसाच्या घरीं दोन गोष्टींची नेहमींच टंचाई असते. एक पैशाची व दुसरी जागेची. त्यांतून नाद विज्ञानकथांचा असला, तर वडील मंडळींचा तिसरा आक्षेप उभा राहतो कीं, मंगळावरच्या राक्षसांच्या गोष्टी विकत घेऊन कपाटांत ठेवण्याजोग्या असतात काय? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. या प्रकारांतलीं बहुतेक पुस्तकें एकदां वाचून ग्रंथालयाला परत करावीं अशींच असतात. परंतु जीं थोडीं संग्रहास योग्य, तीं घेतांना शौकिनाच्या हातून निराळीच चूक होते. तो पुस्तकाचें नांव पाहतो, प्रत पाहत नाहीं.

ज्यूल व्हर्नचेंच उदाहरण घ्यावें. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' ही त्याची कादंबरी १८६९-७० सालीं फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाली. मर्सियर नांवाच्या गृहस्थानें थोड्याच वर्षांत तिचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि तें करतांना मूळ ग्रंथाचा सुमारें पाव भाग गाळून टाकला. या भाषांतरावर कोणाचा हक्क उरलेला नसल्यामुळें स्वस्त आवृत्त्यांतून तेंच पुन्हां पुन्हां छापलें जातें. व्हर्न हा केवळ पोरांचा लेखक, असा जो समज इंग्रजी वाचणारांत पसरला, त्यास अशीं भाषांतरें पुष्कळ अंशीं कारण झालीं.

भारतीय वाचकाचें नुकसान तर याहून मोठें. पाणबुडीचा कप्तान नेमो हा मूळचा कोण, हें त्या कादंबरींत शेवटपर्यंत कळत नाहीं. तें कोडें पुढें १८७४-७५ मधील 'द मिस्टीरिअस आयलंड' या कादंबरींत उलगडतें. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यांतला, १८५७ च्या युद्धांत लढलेला व त्यांत आपलीं माणसें गमावून बसलेला. बुंदेलखंडचा राजा आणि म्हैसूरचा सुलतान यांची सोयरीक व्हर्ननें कशी जुळविली, हें त्याचें त्यालाच ठाऊक! तें असो. किंग्स्टन यांच्या नांवावर चालत आलेल्या जुन्या इंग्रजी भाषांतरांत मात्र ब्रिटिश सत्तेवर टीका करणारा मजकूर बदलून टाकण्यांत आला. समुद्राच्या तळाशीं जाऊनहि ज्याचा संताप शमला नाहीं, त्याचें गाऱ्हाणें भाषांतरकाराच्या लेखणीनें मिटवावें, याला काय म्हणावें? यासाठीं पहिल्या पुस्तकाचें विल्यम बुचर यांचें १९९८ चें, व दुसऱ्याचें सिडनी क्रॅविट्झ किंवा जॉर्डन स्टंप यांचें २००१ चें भाषांतर घ्यावें. दोन पैसे अधिक पडतील, ते पडूं द्यावे. दोन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवावीं आणि त्याच क्रमानें वाचावीं. भा. रा. भागवतांनीं मुलांसाठीं मराठींत आणलेला व्हर्न खालच्या फळीवर, मुलांच्या हातीं लागेल असा असावा. त्याचें काम निराळें, आणि तें त्यांनीं फार गोड केलें आहे.

वेल्सच्या बाबतींत ही यातायात नाहीं, कारण तो मुळांतच इंग्रज. 'द टाइम मशीन' १८९५ चें व 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ चें; हीं दोन असलीं म्हणजे पुरे. दुसऱ्या पुस्तकाचें पहिलें प्रकरण सावकाश वाचावें. मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वीं युरोपीय वसाहतवाल्यांनीं टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा कसा संहार केला तें आठवा, असें वेल्स आपल्याच देशबांधवांना बजावतो. घरच्या वडील मंडळींच्या आक्षेपाला तेवढें एक प्रकरण उत्तर म्हणून पुरेसें आहे. याच कथेचें नाट्यरूप ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स यानें अमेरिकेंत नभोवाणीवर सादर केलें. तें ऐकून सारा देश भयभीत झाला, ही हकीकत वर्तमानपत्रांनीं बरीच फुगविली होती, असें अभ्यासक आतां सांगतात. नभोवाणीचें सामर्थ्य वर्तमानपत्रांनीं वाढवून सांगावें, ही एक मौजच.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चे दोन पाठ आहेत. १८१८ चा निनांवी छापलेला पाठ अधिक धीट. १८३१ च्या पाठांत लेखिकेनें स्वतःच फेरफार केले, व नायकाच्या अपराधाचा बराच भार दैवावर गेला. पहिला घ्यावा. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकानें जगाला 'रोबो' हा शब्द दिला, पण त्याचेंहि पहिलें इंग्रजी भाषांतर कापलेलेंच. क्लॉडिया नोव्हाक यांचें पाहावें. लेमच्या 'सोलारिस'ची तर कमाल झाली. पोलिश कादंबरी १९६१ ची; १९७० चें इंग्रजी भाषांतर झालें तें फ्रेंचवरून! मुळावरून केलेलें बिल जॉन्स्टन यांचें भाषांतर यावयास २०११ साल उजाडावें लागलें. आझिमॉव्ह व क्लार्क यांच्याविषयीं काय सांगावें? शौकिनाच्या घरीं ते आधींच ठाण मांडून बसलेले असतात. 'फाउंडेशन'चे १९५१ ते १९५३ मधील पहिले तीन भाग घेऊन थांबलें, तरी बिघडत नाहीं.

या सर्वांमध्यें एक लहानसें पुस्तक हरवूं देऊं नये. रोकेया सखावत हुसेन या बंगाली बाईंनीं इंग्रजींत लिहिलेलें 'सुलतानाज ड्रीम' हें १९०५ सालीं मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकांत आलें. त्यांत पुरुष पडद्यांत आहेत, आणि स्त्रिया सूर्याची उष्णता सांठवून राज्य चालवितात व शत्रूलाहि पळवून लावतात. पानें थोडींच, पण घरांतल्या सर्वांनीं मिळून वाचावीं अशीं.

मराठीची फळी जयंत नारळीकरांपासून मांडावी. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें धाडली, व ती पहिली आली. स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून तें नांव बनविलें होतें. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह १९७९ चा. केंब्रिजमधील त्यांचे गुरु फ्रेड हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही १९५७ ची कादंबरी त्याच्या शेजारीं ठेवावी, म्हणजे आकाश पाहणाऱ्या या गुरुशिष्यांनीं कल्पनेचा वारू किती व कोठें सोडला, हें ताडून पाहतां येतें. येथें भाषांतर पारखण्याचा प्रश्न नाहीं. मात्र 'यक्षांची देणगी' कोणी उसनी नेली, तर नेणाराचें नांव वहींत टिपून ठेवावें. कपाटांतून सर्वांआधीं तीच नाहींशी होते.